भिंतीवरचा धनेश

जूचंद्रच्या आमच्या बिल्डिंगमधले खालच्या मजल्यावरचे काका आलेल्या माणसाला आधी भिंतीवरच्या चित्रासमोर नेतात. झाडाच्या ढोलीत चिखलानं कोंडून घेतलेली धनेशाची मादी आणि फटीतून तिला फळ भरवणारा नर. काका काचेवर नख वाजवत म्हणतात, "बघा, बायकोला घराबाहेर पाऊल टाकायची वेळ येऊ देत नाही! याला म्हणायचं पुरुष." मग आत वळून, "अगं, चहा!"

परवाही मी नेहमीसारखी मान डोलावली. काकू ट्रे घेऊन आल्या आणि चित्राकडे बघत म्हणाल्या, "ती बाहेर येते कधी, ते नाही काढलं कुणी?"

काका ओशाळले. त्यांनी ट्रे स्वतःकडे घेतला, काकूंना आपली खुर्ची दिली. काकू अवघडून काठावर टेकल्या.

ट्रेमध्ये कप दोनच होते. आम्हा दोघांनाही उचलवेना.