पायऱ्यांच्या विहिरीवरची तीन वर्षं

यजमान गेले त्यानंतर दोन वर्षं मी घराबाहेर फारशी पडले नाही. श्रीगोंद्याजवळच्या एका खेड्यात ते शाळामास्तर होते. मूलबाळ नव्हतं. दिराच्या घरात दोन वेळचं रांधायचं आणि उरलेला दिवस ढकलायचा. बाहेर महायुद्ध चाललं होतं, पण माझ्या लेखी सगळंच थांबलं होतं.

अशातच एका उन्हाळ्यात शेजारच्या पिंजाऱ्याच्या बायकोला नारू झाला. घोट्यावरचा फोड फुटून त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा बाहेर येऊ लागला. आमच्या गावात दर उन्हाळ्यात कितीतरी लोकांना तो व्हायचा, पण हिचा पाय सुजून लाकूड झाला. अंगावर पिणारं मूल, नवरा गाद्यांचा कापूस पिंजायला परगावी. मी कुणाची तरी बैलगाडी मागून आणली आणि तिला श्रीगोंद्याच्या दवाखान्यात नेलं.

पट्टी बांधता बांधता डॉक्टरांनी मलाच विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"पायऱ्यांच्या विहिरीचं."

"मग नारूचे पाय त्यात बुडतात आणि तेच पाणी सगळ्यांच्या पोटात जातं. आज प्यालात की वर्षभरानं किडा बाहेर पडतो. दुहेरी फडक्यानं पाणी गाळा. दुखरा पाय विहिरीत उतरू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या लुगड्याची फडकी घेऊन मी विहिरीच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिले. प्रत्येकीनं पाणी फडक्यातून गाळून न्यायचं. जिचा पाय दुखतो तिनं वर थांबायचं, तिचा हंडा मी भरून देणार. वर्षभर रोज हेच केलं. दीर रागावले, "मास्तरांची बायको गावाचं पाणी भरते, शोभतं का?" मी ऐकून घेतलं आणि गेले.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तितकेच नारू निघाले. एक म्हातारी म्हणाली, "वरीसभर गाळलं की आमी. काय हुतंय फडक्यानं?"

"हे आधी प्यालेल्या पाण्याचे आहेत. अजून एक वर्ष द्या मला."

तेवढ्यात पिंजाऱ्याची बायको पुढं आली. "मी गाळनार. बाईंचं मला पटलंय." तिच्यामागून बाकीच्यांनी फडकी घेतली.

तिसऱ्या उन्हाळ्यात गावात दोघांनाच नारू निघाला, आणि ते दोघेही मळ्यातल्या डबक्याचं पाणी पिणारे. पाटलांनी आपणहून पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घातली, वर रहाट बसवला. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मास्तरीनबाई, पयला पोहरा तुमी वढा."

मी पोहरा वर ओढला. अभिमान वाटला, आणि तो मी लपवला नाही. मास्तरांच्या माघारी मला मास्तरीण म्हणवून घ्यायला संकोच वाटायचा, तो त्या दिवशी गेला.

महिन्याभरात शेजारच्या गावाहून मला न्यायला गाडी आली. तिथंही पायऱ्यांचीच विहीर होती. दिरांनी या वेळी "शोभतं का" असं विचारलं नाही, मी भाकरी बांधून घेतली का तेवढं पाहिलं. मी गाडीत बसले.