बिनमिठाचे बोंबील

आमच्या लालबागच्या इमारतीत वरच्या मजल्यावरच्या काकू गच्चीत बोंबील वाळवतात. घरासाठी मीठ लावून, आणि कुत्र्यांसाठी बिनमिठाचे, वेगळ्या दोरीवर, जाळीखाली. बिनमिठाचे लवकर खराब होतात, म्हणून त्या दिवसातून चार वेळा ते चाचपून बघतात. कट्कन मोडला तरच तुकडा माझ्या म्हाताऱ्या ब्रूनोला मिळतो. एकदा मी घाई केली, तर म्हणाल्या, "वाकता म्हणजे आत पाणी आसा. पोटात घाण घालूची आसा काय त्याच्या?" मी तो बोंबील परत दोरीवर टांगला.

गेल्या आठवड्यात ब्रूनोने खाणं सोडलं. डॉक्टर "बघू या" म्हणाले. काकू खाली आल्या. "काय रे मेल्या, रुसलंस?" म्हणत त्यांनी त्याच्या पोटावरून हात फिरवला आणि गच्चीत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात सकाळीच टांगलेले बोंबील होते.

"काकू, हे अजून वाकतायत."

"असू दे गो. आज खाऊ दे त्याका."

डॉक्टरांनी जे सांगितलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. मी तुकडा पुढे केला. ब्रूनोने तो नुसता चाटला. काकू मात्र "खाल्ल्यान बघ, खाल्ल्यान," म्हणत राहिल्या.