ओर्फिलियाचे शिशातले पुस्तक

ओर्फिलिया बेंतांकोर कवयित्री होती, असे आमच्या गावात आज कोणी म्हणत नाही. म्हणायला पुरावाही नाही. तिचे एक पुस्तक निघणार होते, ते निघाले नाही, आणि त्यात माझा हात होता. म्हणून हे मलाच लिहायला हवे. नीट लिहिता येईल याची खात्री नाही. मी छापखान्यातला जुळारी. दुसऱ्यांची अक्षरे लावण्यात जन्म गेला.

ती नदीकाठच्या मांसाच्या कारखान्यात डब्यांना लेबले चिकटवायची आणि वाया गेलेल्या लेबलांच्या कोऱ्या पाठीवर कविता लिहायची. सोबतच्या बाया तिला सोडत नसत.

"काय गं, आज कुठल्या लेबलावर? जिभेच्या की मटणाच्या?"

"जिभेच्या. तुझीच भरलीय बहुतेक, डब्यातूनसुद्धा बडबड ऐकू येते."

चाळिशी उलटलेली, लग्न नाही, घरी आजारी वडील. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आपले पुस्तक. आमचे मालक गुमेर्सिंदो तिला म्हणाले, "छापू की बाई. घाई करू नका म्हणजे झालं." अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात, आमच्याकडे थंडी सुरू होते तेव्हा, मी पहिले पान लावायला घेतले. लग्नपत्रिका आणि दुकानांच्या जाहिराती यांच्यामधून जो वेळ मिळेल तेवढाच.

दर गुरुवारी कारखाना सुटला की ती यायची. मी माते, आमचा कडवट पाल्याचा चहा, करायचो, आणि ती पेला हातात धरून टेबलापाशी उभी राहायची. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, उलटे असतात, पण ऑगस्टपर्यंत ती ते माझ्याहून भरभर वाचू लागली.

"दाल्मिरो, हा शब्द काढ. खोटं बोलतोय."

मी चिमट्याने शब्द उचलायचो, ती सांगेल तो बसवायचो. पुढच्या गुरुवारी तोही जायचा. कविता अशी आठवड्याआठवड्याने शिशातच बदलत गेली. लेबले आणि पहिली प्रुफे तिने स्वतःच्या हाताने किटलीखालच्या विस्तवात घातली. "राहू दे की," मी म्हटले. "कशाला? जुनी डोळ्यासमोर राहिली की नवीचा जीव घेते."

ऑक्टोबरपर्यंत सत्तावीस पाने तयार झाली. सुतळीने बांधून तबकांवर ठेवली होती. मोंतेविदेओहून कागद येण्याचीच काय ती वाट होती.

मग निवडणूक आली. आमच्याकडे दोन मोठे पक्ष, तांबडे आणि पांढरे; त्यांतला प्रत्येक गट आपल्या उमेदवारांची यादी स्वतःच छापतो, आणि मतदार ती पाकिटात घालून पेटीत टाकतो. त्या दिवसांत छापखान्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. आमचे खिळे कमी पडले. एका सोमवारी सकाळी मालक माझ्यापाशी आले.

"त्या बाईची पानं सोड."

"मालक, कागद पुढच्या आठवड्यात येतोय."

"येऊ दे. तांबड्यांच्या यादीतली नावं तोवर कशाने लावू? माझ्या दातांनी?"

"मग एकेक प्रूफ तरी काढून घेतो."

"म्हणजे शाई लावा, मग धुवा, मग वाळवा. गेली दुपार. अरे, तिच्याच कविता ना? पाठ असतील तिला."

ते तिथेच उभे राहिले. मालकांशी आणखी वाद घालणारा माणूस मी नव्हे. मलाही वाटले, स्वतःच्या कविता कोण विसरेल? निदान तसे मी मनाला सांगितले आणि सुतळी सोडली. संध्याकाळपर्यंत एकेक खिळा आपापल्या खणात गेला.

गुरुवारी ती आली. मोकळे टेबल पाहून तिचा चेहरा उजळला.

"झालं छापून?"

मला सांगावे लागले. ती बाकावर बसली.

"तुला पाठ असतील ना?" मी विचारले.

"जुन्या आहेत. जे जे काढायला सांगितलं तेच डोक्यात बसलंय. चांगलं ते इथे ठेवलं होतं." तिने टेबलावर हात ठेवला. मग एकदम म्हणाली, "तू लावलंस ना एकेक अक्षर? एक ओळ सांग. नुसती सुरुवात करून दे, पुढचं मला येईल."

मी डोळे मिटले. जुळारी वाचत नाही हो, तो अक्षर बघतो, मोकळी जागा बघतो, पुन्हा अक्षर. तिसऱ्या पानावरची एक ओळ लांब होत होती, ती मी कशी दाबून बसवली, ते मला स्वच्छ आठवत होते. एका पानाला मोठ्या अक्षरांचा खण रिकामा झाला होता, तेही आठवत होते.

"ओळ, दाल्मिरो."

माझ्यापाशी एकही ओळ नव्हती.

कागद आला, तो पांढऱ्यांच्या यादीला गेला. निवडणुकीनंतर मी तिला म्हटले, पुन्हा लिही, मी पुन्हा लावतो. तिने वर्षभर प्रयत्न केला. लेबल घेऊन बसायची, काढून टाकलेलेच शब्द परत यायचे, आणि ती लेबल फाडायची. मग तेही थांबले. माझ्याशी बोलणे तिने सोडले नाही, तेच मला जड जायचे. बाजारात भेटली की वडिलांचा खोकला, नदीचे पाणी, बस. एकाहत्तर साली ती गेली.

आता कधी दुपारी बसून मी तिची एखादी ओळ बोटांनी आठवून बघतो. बोटे हलतात, खणांकडे जातात. ती काय उचलतात ते मला कळत नाही.