भरलेली गाडी सुटलीच पाहिजे

तुमची गाडी म्हातारी झाली, हे कोण ठरवतं हो? तुम्ही, की नवी गाडी विकायला बसलेला? नुसती मान हलवू नका. आधी समुद्रकाठच्या अनोमाबो गावच्या कोबिनाबाबाचं ऐका.

कोबिनाची बस इतकी चालली होती, की मीटर अख्खा फेरा मारून पुन्हा शून्यावरून सुरू झालं होतं. चढावर खोकायची, थांबली की थरथरायची. पण सांगाडा टणक आणि ब्रेक नवे. किनाऱ्यावर मासळी धुरावर सुकवणाऱ्या बायका मँकेसिमच्या बाजाराला जायच्या त्या याच बसनं. एसी व्हॅनवाले त्यांना लांबूनच हातानं नाही म्हणायचे. वास येतो म्हणे! त्याच मासळीचा रस्सा दुपारी बोटं चाटून खातात मेले.

पण ताकोराडी शहरात मास्तरीण असलेली त्याची लेक एवुरा हट्टाला पेटली. "बाबा, ती बस एक दिवस तुमचा जीव घेईल. काढून टाका." लेक रडली आणि बाप विरघळला. त्यानं भंगारवाल्याला शब्द दिला. बायकांना सांगायचा मात्र धीर झाला नाही.

बाजाराच्या सकाळी त्यानं बस स्टँडवर नेहमीच्या जागी लावली आणि भंगारवाला येईपर्यंत केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, खायला गेला. इथंच चुकला गडी! रांगेत उभी गाडी म्हणजे भरायची गाडी, आणि भरली की सुटलीच पाहिजे, ही तिथली रीत.

हात धुऊन येतो तो बस गच्च! टपावर टोपल्या, खिडक्यांतून कोपरं. बस द्यायच्या दिवशी मुद्दाम गावी आलेली एवुरा आणि भंगारवाला बसच्या दारात तोंड वासून उभे.

"उतरा मावशी, बस भंगारात दिली," एवुरा म्हणाली.

पुढच्या बाकावरची मान्सा, ऐसपैस बाई, तसूभर हलली नाही. "मग आम्हालाही घेऊन जा म्हणावं. वजन झकास भरेल!"

सगळी बस खदखदली. स्टँडचा म्होरक्या धावत आला. "भरलेली गाडी रिकामी करायची? माझ्या स्टँडवर नाही जमायचं बुवा."

"आणि ब्रेक लागले नाहीत तर?" एवुरा ओरडली.

हसणं थांबलं. कोबिना चढला, लेकीला शेजारी बसवलं आणि स्टँडच्या उतारावर बस सोडली. मध्यावर ब्रेक दाबला. बस जागच्या जागी खिळली.

"अरे मेल्या, माझी मासळी!" मान्सा किंचाळली.

कोबिना लेकीकडे वळला. "लांबचे रस्ते आजपासून बंद. फक्त हा बाजार. ब्रेक कुरकुरले, त्या दिवशी मीच हिला भंगारात नेईन."

"दर महिन्याला मिस्त्रीला दाखवायची. माझ्यासमोर."

"बरं बाई, तुझ्यासमोर."

एवुरा मग हसली एकदाची. भंगारवाला मागून पळत आला. "आणि माझं काय? आता मँकेसिमला तरी सोडा, तिथं दुसरं काही मिळतं का बघतो."

"टोपली मांडीवर घेशील तर चढ," मान्सा म्हणाली. चढला.

तर ऐका. ब्रेक गेलेली गाडी खुशाल काढा, काढाच. पण निव्वळ म्हातारी झाली म्हणून काढत असाल, तर सौदा करण्याआधी तिच्यात रोज बसणाऱ्यांना एकदा विचारा. विचाराच.