तेरा तासांचा तांब्या

“तांब्या बगून या, मास्तर!” दिवाळे गावातल्या त्या कोळीण मावशीच्या दारात गेलं की पहिलं हेच ऐकू यायचं. नवरा होडी घेऊन खाडीत गेला की ती उंबऱ्यावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायची. तो परत आला की तेच पाणी त्याच्या पायांवर. तोवर तांब्याला कुणी हात लावायचा नाही. तांब्या भरलेला तोवर गेलेला माणूस सुखरूप, ही रीत गावात तिची एकटीचीच.

मी तिथल्या शाळेत नवखा मास्तर. एकदा माझ्या पायाने तांब्या लवंडला, तर तिने तो पुन्हा भरला आणि नवरा येईपर्यंत मला दारातच बसवून ठेवलं. तो दिसल्यावर हसली, सुकट बांधून दिली. “जावा आता. वाचलात!”

तिचा थोरला जहाजावर खलाशी होता. एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. तो सुटीवर घरी आलेला आणि जहाज खलाशांवाचून विलायतेत अडकलेलं, म्हणून कंपनीने त्याला विमानाने बोलावलं. ती तिकीट घेऊन माझ्याकडे आली.

“कवरा टायम लागंल, मास्तर?”

“सकाळी सहाला सुटतं, संध्याकाळी सातला पोचतं. तेरा तास, मावशी.” नकाशावर दोरा लावून मी अंतरही काढलं. साडेचार हजार मैल.

“येवढं तेरा तासांत? आमची होडी भाऊच्या धक्क्याला जायालाच अर्धा दिस खाते!”

त्या दिवशी तिने सकाळी सहाला तांब्या भरला. संध्याकाळी सातला मी घड्याळ बघून “पोचला” म्हटलं. तिने पाणी तुळशीला घातलं.

तिसऱ्या दिवशी तार आली. विमान विलायतेच्या अलीकडे समुद्रात पडलं होतं. वेळ, तिथले संध्याकाळचे सहा.

तिथले! तिकडे साडेपाच तास उशिरा उजाडतं, हे चेंडूला दिवा दाखवून मीच पोरांना शिकवत होतो. आणि तिकिटावरचे सात मात्र आपलेच समजलो. प्रवास साडेअठरा तासांचा होता. तांब्या रिकामा झाल्यावरही तो पोरगा साडेचार तास हवेत होता.

“कवा पडला?” तिने विचारलं.

“सहाला.” ‘तिथले’ मी गिळलं.

ती उंबऱ्याकडे बघत राहिली. “म्हंजे तांब्या भरलेलाच व्हता.”

मला वाटलं, निदान स्वतःला दोष देणार नाही.

पुढे नवरा होडी घेऊन निघाला, तेव्हा उंबरा कोरडा होता. मी विचारलं, तर म्हणाली, “भरलेला असून गेला ना. आता कुनासाठी ठेवू?”

पूर्वी तांब्या ठेवून ती घरात स्वस्थ मासळी निवडायची. आता होडी दिसेपर्यंत खाडीच्या चिखलात उभी राहू लागली, रोज. तुम्ही तिला तिथे पाहिलं असतंत, तर तुम्हालाही झोप लागली नसती. तिचा तेवढा आधार मी काढून घेतला होता. खरं सांगायला कितीदा तरी गेलो, चहा पिऊन परत आलो.

ती गेली, तेव्हाही सांगायचं राहिलंच होतं.

आता त्या घरात तिचा पुतण्या जाळी ठेवतो. परवा त्याने हाक मारली म्हणून आत गेलो. उंबऱ्यावर काहीच नव्हतं. तरी मी पाय उंच उचलून, जपून आत टाकला.