काकूच्या कॉम्प्युटरला एसएसडी चालेल का?

मंडळी, आज सकाळी मिरजगावात काकूच्या दूध संकलन केंद्रावर होतो. तिचा जुना कॉम्प्युटर सुरूच इतका हळू होतो की लोक किटल्या उचलून समोरच्या केंद्रावर जायला लागलेत.

म्हटलं, "काकू, एसएसडी टाकू, हार्ड डिस्कपेक्षा वेगवान असते. आधी ह्याला चालते का बघतो."

"बघ. पन बंद पाडलास तर उद्या दूध तूच मोजायचं!"

डबा उघडला. नव्या, चपट्या पट्टीसारख्या एसएसडीला जागाच नाही. पण जुन्या हार्ड डिस्कच्या वायरीशेजारी तशीच एक खाच रिकामी होती. फक्त ती लालभडक. बोट लावलं तर कुंकू!

"अगं, खंडेनवमीचं कुंकू आत टाकतेस?"

"मग? काम आत चालतंय न्हवं? पत्र्याला लावून काय उपेग?"

ब्रशनं खाच साफ केली, माझ्याकडची साटावाली, म्हणजे हार्ड डिस्कसारखीच वायरीनं जोडायची एसएसडी चाचणीपुरती जोडली. कॉम्प्युटरनं लगेच ओळखली!

काकू खूश. म्हणाली, "नवी आली की आधी माझ्याकडं दे. कुंकू लावते, मगच बसव."

एसएसडी चारी बाजूंनी बंद असते, म्हणजे वरून लावायला हरकत नसावी. तुमच्यापैकी कुणी लावून बघितलंय का?