बिनरश्श्याची मेजवानी

बसा, चहा टाकलाय, तोवर माझ्या गाढवपणाची एक गोष्ट ऐकून घ्या. फक्त जरा हळू हसा. आमची मंडळी आतच आहे, आणि या गोष्टीचं नाव काढलं की ती माझ्या चहात साखर घालायची विसरते. मुद्दाम विसरते, बरं का.

तशा चुका मी आयुष्यात पुष्कळ केल्या. पलटणीत एकदा अंधारात कर्नलसाहेबाच्या तंबूत माझा समजून झोपलो होतो. त्याचं मला काही वाटत नाही. पण लढाई संपून घरी आल्यावर, कुंडलजवळच्या आमच्या गावात मी जी मेजवानी दिली, ती आठवली की अजून घास घशात अडकतो.

त्याचं असं झालं. पाच वर्षं मी बाहेर होतो. आधी मिसर, मग इटली. तिथं गोऱ्या साहेबांचं एक जेवण बघितलं. उघड्यावर निखारे करायचे, त्यावर मटणाचे तुकडे भाजायचे, मीठ-मिरपूड भुरभुरायची, आणि सगळ्यांनी उभ्या उभ्या खायचं. पाट नाही, पंगत नाही, रस्सासुद्धा नाही! मला ते लय आवडलं. तिथंच मनाशी ठरवलं, हरिबा, जिवंत परत गेलास तर गावाला हे करून दाखवायचं.

जिवंत परत आलो. आईला शाल आणली आणि बायकोला, म्हणजे गजराला, मिसरच्या बाजारातनं चपला आणल्या. लाल, मऊ चामड्याच्या, वर पितळी बकल. साऱ्या तालुक्यात कुणा बाईच्या पायात तसल्या चपला नसतील. गजरानं त्या हातात घेतल्या, उलटसुलट करून बघितल्या, चामड्याचा वास घेतला आणि ट्रंकेत ठेवून दिल्या.

मी वाट बघितली. आठ दिवस गेले, महिना गेला. बाई अनवाणीच रानात, अनवाणीच विहिरीवर. शेवटी विचारलं, आवडल्या नाहीत का? तर खाली बघून म्हणाली, "घालीन की. घाई काय हाय?" आता पाच वर्षांनी आलेल्या नवऱ्याला हे उत्तर? मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही. वर दोस्तांत सांगत सुटलो, आमच्या बायकोला चपलेची किंमत कळत नाही म्हणून. हे वाक्य तेवढं ध्यानात ठेवा.

तर दोन-तीन महिन्यांनी साताऱ्याहून आमच्या सुभेदारसाहेबांचा निरोप आला, रविवारी येतोय. या माणसानं एकदा मला काखेत धरून खंदकात ओढलं होतं, नाहीतर आज ही बडबड ऐकायला तुम्ही बसला नसता. त्यांच्यासाठी जेवण झकास व्हायलाच पाहिजे होतं. शिवाय गावातले आम्ही पाच पलटणवाले. म्हणजे खाणारी तोंडं सहा.

पण दिवस कसले होते? साखर कार्डावर, रॉकेलला रांग, गोडं तेल तर औषधासारखं. अशा वेळी साहेबी जेवणाचा खरा फायदा माझ्या ध्यानात आला. रस्साच करायचा नाही म्हटल्यावर तेल नको, खोबरं नको, मसाला कुटणं नको. भांडी नकोत. सायकलवाल्याकडनं मोडक्या चाकाच्या तारा आणल्या, राखेनं घासल्या, झाल्या सळया. बाभळीची लाकडं घरची. भाकरी शेजारणीनं थापून द्यायचं कबूल केलं. आई आणि गजरा दोघी जतला गेल्या होत्या, गजराच्या भावाकडं बारसं होतं. सोमवारशिवाय परत यायच्या नव्हत्या. म्हणजे टोकायलाही कुणी नाही. थाट साहेबी आणि खर्च फकिराचा! मी माझ्यावरच खूश झालो.

राहिलं मटण. तेही घरचंच. गोठ्यात एक काळाभोर बोकड होता, माझ्या माघारी गजरानं हातानं पाला घालून वाढवलेला. अंग असं तुकतुकीत की हात फिरवला तर घसरावा. त्याच्या गळ्यात पिवळं फडकं होतं आणि फडक्यात तांब्याचा पैसा बांधलेला. गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारलं असतं की हे काय आहे, तर त्यानं सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, बायकोची हौस.

आता गावात बोकड कापायचा म्हणजे मुलाण्याला बोलवायचं, ही रीत. कापणं त्याचं काम, आणि मुंडी न् कातडं हा त्याचा हक्क. मी म्हटलं, कशाला? पलटणीत मी स्वतः दहा बोकड कापलेत. मुंडीही भाजू, कातडंही घरात राहील. ही एवढी काटकसर मी केली नसती ना, तर पुढचं काही घडलंच नसतं. कारण मुलाण्यानं आल्या आल्या पहिला प्रश्न जो विचारला असता, तो विचारणारा माणूसच मी वाचवला.

शुक्रवारी शेजारचे रामूआप्पा कुंपणावरनं डोकावले. सत्तरीचे गृहस्थ, गावात त्यांच्या शब्दाला मान.

"हरिबा, बोकडाचं ह्या रविवारी उरकतोस म्हनं?"

"व्हय आप्पा."

"लय ब्येस केलंस. गजरानं लय सोसलं रं त्याच्यापायी."

मला वाटलं, पाला आणण्याबद्दल बोलतायत. म्हटलं, व्हय, बाईमाणसाला त्रास होतोच की. मग आप्पांनी विचारलं, कुणाकुणाला सांगितलं? मी म्हटलं, सांगायचं काय, आम्ही आपले पाच पलटणवाले आणि सुभेदार. आप्पा मोठ्यानं हसले. "ह्याला सांगाय कुठं लागतंय?" म्हणाले, आणि काठी टेकत गेले.

शनिवारी तर कमालच. विहिरीवरच्या म्हाताऱ्या माझ्यावरनं हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडायला लागल्या. देवळापुढचे लोक "उद्या न्हवं का?" म्हणून विचारायला लागले. हलगीवाला घरी येऊन गेला, कवा येऊ म्हणून. मी म्हटलं, ये की दुपारी, सुभेदारांनाही बरं वाटेल. रात्री अंथरुणावर पडून मी विचार करत होतो की बघा, माणसानं जग बघितलं की गाव कसा त्याला मान देतो. साहेबी जेवणाची कीर्ती चार वाड्या ओलांडून गेली!

रविवारी सकाळीच मी बोकडाचं काम उरकलं. गळ्यातलं फडकं कापून सरपणावर टाकलं. अकराच्या सुमाराला सर्व्हिस मोटारीनं सुभेदार आले. निखारे लालबुंद झालेले, तारांत ओवलेले तुकडे चुरचुरतायत, वास अंगणाबाहेर गेलेला. पहिली सळई मी सुभेदारांच्या हातात दिली. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला आणि मान डोलावली. आम्ही बाकीचे पाच जणही तुटून पडलो.

तेवढ्यात पहिलं कुटुंब आलं. नवरा, बायको, चार पोरं, आणि प्रत्येकाच्या हातात ताटली आणि तांब्या. त्यांच्यामागं दुसरं. मग तिसरं. हलगी वाजायला लागली. बघता बघता अंगणात पंगत बसली, ती गोठ्याला वळसा घालून रस्त्यावर गेली. साठ-सत्तर माणूस, आणि माझ्याकडं शिल्लक सात सळया!

सुभेदार माझ्या कानात म्हणाले, "हवालदार, तू तर म्हणाला होतास सहा जण."

मी सळया पुन्हा मोजल्या, सातच होत्या. पंगतीतली माणसं ताटल्या पुढं करून शांत बसलेली. माना वळवून वळवून रश्श्याची कढई कुठं दिसते का बघतायत. रामूआप्पा पहिल्या पानावर. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"रस्सा कुठं हाय रं?"

"रस्सा न्हाई आप्पा. भाजलंय सगळं."

"बरं. नव्या तऱ्हेचं करतोस तर कर. म्हसोबाला निवद दाखवलास न्हवं?"

"कसला निवद?"

हलगी थांबली. एवढा जमाव, पण निखाऱ्यावर चरबी पडलेली ऐकू येत होती. आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की पलटणीतल्या शिव्या परवडल्या. मग सावकाश, लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. मी लढाईवर गेलो त्याच साली माझी तीन महिने खबर नव्हती. तेव्हा गजरा म्हसोबाच्या दगडापुढं जाऊन बोलली होती, धनी जिता परत येऊ दे, घरचा बोकड वाढवून तुला देईन, आणि तो देईपर्यंत पायात वहाण घालणार नाही. पहिला बोकड रोगानं गेला, तरी तिनं दुसरा वाढवला. चैताच्या जत्रेला देणार होती. नवस फिटेपर्यंत ज्याच्यासाठी बोललो त्याला सांगायचा नसतो, असं तिच्या आईनं बजावलेलं. गावात मात्र एकूणएक माणसाला ठाऊक. आणि नवसाच्या जेवणाला आवतन लागत नाही. येईल त्याला रस्सा वाढायचा, कुणाला माघारी लावायचं नाही, ही रीत.

सुभेदारांच्या तोंडात तेव्हा दुसरा तुकडा होता. गिळावा तर म्हसोबाचा, थुंकावा तर यजमानाचा. तो त्यांनी गालात तसाच धरून ठेवला, सबंध वेळ.

आणि माझ्या डोळ्यांपुढं त्या लाल चपला आल्या. वास घेऊन तिनं ट्रंकेत ठेवलेल्या. "घाई काय हाय?" म्हणालेली. आणि मी चार दिवस अबोला धरलेला, गावभर तिची चेष्टा केलेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. खोटं नाही सांगत.

बरं, एवढ्यावर तरी संपावं? जतहून सांगलीला येणारी मेंढ्यांची मोटार मिळाली म्हणून आई आणि गजरा एक दिवस आधीच आल्या. दारात गाव बघून गजरा थबकली. तिनं पंगत बघितली, निखारे बघितले. मग गोठ्याकडं बघितलं. तिथं मोकळं दावं पडलेलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं सरपणावर पडलेलं पिवळं फडकं उचललं, गाठ सोडून तांब्याचा पैसा काढला, पदराला पुसला आणि कनवटीला लावला. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "आपण दुसरा बोकड विकत आणू. उद्याच आणू."

"नवस घरी वाढवल्याल्या बोकडाचा बोललीया," ती म्हणाली. "करडू आणायचं आन पैल्यापास्नं वाढवायचं."

मग तिनं पदर खोचला आणि पंगतीकडं गेली. आईनं चूल पेटवली. शेजारपाजारच्या बायका उठल्या, कुणी डाळ आणली, कुणी पीठ. तासाभरात सत्तर माणसांना आमटी-भाकरी मिळाली. माघारी कुणालाच लावलं नाही. गजरा वाढत फिरत होती, आणि मी पहिल्यांदा तिच्या पायांकडं नीट बघितलं. टाचांना भेगा, बोटांना काट्यांचे वण. माझ्या जिवाची किंमत त्या पायांवर लिहिली होती आणि मी ती मीठ-मिरपूड लावून खाल्ली होती.

आठवड्यात जतहून काळं करडू आणलं. गजरानं त्याच्या गळ्यात तेच फडकं बांधलं. दीड वर्ष गेलं. मधे अख्खा उन्हाळा गेला, जमीन अशी तापलेली की कुत्रीही सावलीनं चालायची. ही बाई अनवाणी. मी म्हटलं, मीपण वहाण घालणार नाही. चांगलं छाती पुढं काढून सांगितलं. तिसऱ्या दिवशी टाचेत बाभळीचा काटा मोडला आणि मी आई आई करत घरी आलो. काटा तिनंच काढला. बूट पुढं सरकवले आणि म्हणाली, घाला, तुमच्यानं व्हायचं न्हाई.

शेवटी चैताच्या जत्रेला नवस फिटला. मुलाण्याला मान देऊन बोलावलं, मुंडी न् कातडं त्याच्या हवाली केलं. म्हसोबाला निवद दाखवला. कढईभर लाल रस्सा केला, गावभर वाढला. सुभेदार मुद्दाम साताऱ्याहून आले, पण निवद दाखवल्याचं आप्पांच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांनी घासाला हात लावला नाही.

सगळं झाल्यावर मी ट्रंक उघडली. चपला काढल्या, धोतराच्या सोग्यानं पुसल्या आणि अंगणात, सगळ्यांदेखत, गजराच्या पायापुढं ठेवल्या. तिनं पाय घातला. जाईना. दुसरा घातला, तोही जाईना. सहा-सात वर्षं अनवाणी चालून तिचे पाय रुंद झाले होते. मी बकल सोडून बघितलं, पट्टा ओढून बघितला. गुडघ्यावर बसून मी त्या चपलांशी झटत होतो आणि माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी येत होतं.

गजरानं थोडा वेळ बघितलं. मग माझ्या डोक्यावरचं मुंडासं नीट केलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. चूक माजीच हाय. म्हसोबाला म्हनलं, माणूस जिता येऊ दे. शाणा येऊ दे म्हनायचं ऱ्हायलं."